कोमिकेत पहिल्यांदा कॉस्प्ले करताय? मग आधी हे वाचा

टोकियोच्या बिग साइट या प्रदर्शन केंद्रात वर्षातून दोनदा, ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये, कोमिके भरतो, म्हणजे कॉमिक मार्केट, चाहत्यांनी स्वतः काढलेल्या कॉमिक्सचा बाजार. १९७५ पासून चालू आहे. पहिला कॉस्प्ले, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश, तिथे करायचा असेल तर शिवणकामाएवढीच तिथल्या रीतीभातींची तयारी करा, कारण लोक चुकतात ते तिथेच.

पहिलं म्हणजे कॅरेक्टर असं निवडा की ज्याच्यावर तुमचा खरंच जीव आहे, सोपं आहे म्हणून नको. मग घरीच एकदा सगळं घालून बघा, याला ताकुकोसु म्हणतात, ताकु म्हणजे घर. बसता येतंय का, हात वर जातोय का, सगळं इथेच कळतं.

विगवर मात्र वेळ घालवा. उष्णता सहन करणाऱ्या धाग्याचाच घ्या, म्हणजे स्ट्रेटनरने वळवता येतो. पुढच्या बटा विग डोक्यावर घालूनच कापायच्या, कात्री आडवी नाही, उभी धरून टोकाटोकाने, आणि हव्यात त्यापेक्षा बोटभर लांब ठेवून थांबायचं, कारण विगचे केस परत वाढत नाहीत. भुवयापण विगच्या रंगाच्या करा, निळ्या केसांखाली काळ्या भुवया फोटोत लगेच दिसतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरून ड्रेस घालून निघायचं नाही. कपडे बॅगेत भरून न्यायचे, तिथल्या कोइशित्सुमध्ये म्हणजे चेंजिंग रूममध्ये बदलायचे आणि परत निघतानाही तिथेच बदलायचे, हा नियम आहे. ऑगस्टमध्ये विगखाली डोकं अक्षरशः भाजतं, त्यामुळे पाणी आणि मिठाच्या गोळ्या हाताशी ठेवा.

बोलीभाषा थोडी पाठ करा. कॉस्प्ले करणारा तो रेइया (कॉस्प्लेअरमधला लेयर हो), ठरवून एकाच कथेतली पात्रं घेऊन ग्रुपने येणं म्हणजे आवासे. फोटो काढणाऱ्यांना कामेको म्हणतात पण तोंडावर म्हणू नका, काहींना ते खटकतं, कामेरामान-सान म्हणा. फोटो हवा असेल तर आधी विचारायचं, "सात्सुएइ ई देसु का?" न विचारता कॅमेरा उचलायचाच नाही, यात सूट नाही.

गर्दी झाली की काकोमी होतो, म्हणजे फोटोवाले गोल घेरून उभे राहतात. "मेसेन ओनेगाई शिमास" अशी हाक आली की त्या कॅमेऱ्याकडे बघायचं, एक एक करून, कोणालाही न टाळता. दमलात की कोणीतरी दहापासून उलटे आकडे मोजतं, शून्य आलं की सगळे कॅमेरे खाली आणि "आरिगातो गोझाइमाश्ता", म्हणजे धन्यवाद. तुम्हीपण वाकून तेच म्हणा.

जाताना छोटी मेइशी म्हणजे कार्ड जवळ ठेवा, त्यावर खरं नाव नाही, कॉस्प्लेचं नाव आणि अकाउंट. ज्याने फोटो काढला त्याला द्या, आणि फोटो टाकायच्या आधी मला दाखवा असं तिथल्या तिथेच सांगून ठेवा.