जुन्या सीडी-डीव्हीडीतलं शूटिंग कॉपी करून घ्यायचंय? पुसायच्या आधी हे वाचा

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून मुंजीच्या, लग्नाच्या सीड्या निघतात आणि माणूस लगेच शर्टाच्या टोकाने गोल गोल पुसून ड्राइव्हमध्ये ढकलतो, मी पण तेच करायचो. थांबा जरा, आधी डेटा नक्की कुठे असतो ते बघू.

सीडी हातात आडवी धरा. जाडी १.२ मिमी, जवळपास सगळं प्लास्टिकच, आणि डेटाचा थर खाली चकचकीत बाजूला नाही तर वर, लेबलच्या लगेच खाली. म्हणजे आपण जी बाजू जिवापाड जपतो ती त्यातल्या त्यात दणकट, आणि जिच्यावर बॉलपेन दाबून "मुंज २००४" लिहितो ती नाजूक. आमच्या सदाशिव पेठेतल्या घरची एक सीडी अशीच गेली, मंगलाष्टकांच्या बरोबर वर पेन उमटलंय.

डीव्हीडीत ०.६ मिमीच्या दोन चकत्या चिकटवलेल्या असतात आणि डेटा मधे, सँडविचसारखा, म्हणून ती वाकवून डबीतून उपटू नका, मधलं बटण दाबा मग काढा.

आता ड्राइव्ह हा डेटा वाचतो कसा? लेझर आतून बाहेर जाणाऱ्या सर्पिल रेघेवर चालतो. कंपनीत छापलेल्या डिस्कवर बारीक खळगे असतात, सपाट भागावरून उजेड नीट परत येतो, खळग्यावरून कमी, आणि गंमत म्हणजे खळगा म्हणजे १ असं नसतंच, खळग्याची कड आली की १, मधे नुसतं सरळ गेलं की ०. घरी बर्न केलेल्यात खळगे नसतात, तिथे रंगाचा थर असतो आणि जास्त पॉवरच्या लेझरने त्यात डाग पाडलेले असतात. हा रंग उन्हाने खराब होतो, सो गॅलरीत वाळत घालू नका प्लीज. रीरायटेबलमध्ये मिश्रधातू असतो, तो तापवून स्फटिक करता येतो किंवा मोडता येतो, म्हणून परत परत लिहिता येतं.

८.५ जीबीवाली डीव्हीडी असेल तर दोन थर. पहिला अर्धवट पारदर्शक, लेझरची भिंग जरा सरकते आणि पहिल्या थरातून आरपार दुसऱ्यावर फोकस होते, दोघांमधलं अंतर केसाच्या जाडीएवढं. पिक्चर मधेच क्षणभर अडकायचा ना, तो बहुतेक थर बदलताना. कॉपीही बऱ्याचदा तिथेच रडते, मग डिस्कला शिव्या देण्याआधी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. लॅपटॉपला ड्राइव्हच नसेल तर यूएसबीवाला घ्या, पुण्यात असाल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत चक्कर मारा, दुपारी १ ते ४ नको, कारण पुणेकराला सांगायला नको.

पुसताना मऊ कापड, किंचित पाणी, आणि मधून कडेकडे सरळ. गोल पुसलं आणि ओरखडा पडला तर तो रेघेच्या बाजूबाजूने जातो, सलग डेटा उडतो आणि चुका दुरुस्त करायची जी सोय आत असते तिलाही झेपत नाही. रेघेला आडवा, मधून कडेकडे जाणारा ओरखडा असेल तर प्रत्येक फेरीत थोडंसंच जातं, ते भरून निघतं.

मग स्पीड सगळ्यात कमी ठेवून कॉपी करा, एकदम सगळं नाही, एकेक फाईल, आणि अडकलेली फाईल शेवटी.