जर्मनीतलं भाड्याचं घर: चिकटवण्यापेक्षा खिळा ठोका

'भिंतीला भोक पाडलंस तर घरमालक डिपॉझिट कापेल' हे वाक्य जर्मनीत नव्याने आलेल्या मराठी माणसाला बहुधा विमानतळावरच कोणीतरी सांगत असावं. पहिल्या महिन्यात कोणाकडेही चहाला गेलं की हेच ऐकू येतं. त्या धाकाने मग दोन तऱ्हा होतात. काही जण 'आपण कुठे इथे कायमचे राहणार' म्हणत वर्षानुवर्षं पांढऱ्याफेक भिंतींकडे बघत बसतात. बाकीचे भोक टाळायचं म्हणून दिसेल ते चिकटवत सुटतात: फोमच्या विटा, मोठमोठी स्टिकर, दुहेरी टेपवरच्या फ्रेमा. डिपॉझिट जातं ते बहुतेक या दुसऱ्या मंडळींचं.

आधी भोकाबद्दल. नेहमीच्या प्रमाणात खिळे ठोकणं, ड्युबेल (स्क्रू धरून ठेवायला भोकात घालतात ती प्लास्टिकची नळी) बसवणं हा भाड्याच्या घराचा रीतसर वापर धरला जातो. बुंडेसगेरिश्ट्सहोफ, म्हणजे इथलं सर्वोच्च दिवाणी न्यायालय, 1993 सालापासून हीच बाजू धरून आहे. करारात 'एकही भोक चालणार नाही' असं छापलेलं असलं तरी ते सहसा टिकत नाही. याचा अर्थ भिंतीची चाळण करा असा नाही. बाथरूमच्या टाइलला भोक पाडणं तर वेगळंच प्रकरण. तिथे अगदी गरज असेल तर दोन टाइलमधल्या सांध्यात पाडा. पण बैठकीच्या खोलीत चार तसबिरींसाठी चार खिळे ठोकले म्हणून घाबरून जाऊ नका.

आता ज्या गोष्टीमुळे हे सगळं लिहायला बसले, ती म्हणजे राउफाझर. इथल्या भाड्याच्या घरांत भिंतीवर बारीक दाणे दिसतात, हात फिरवला तर रव्यासारखे लागतात. नवीन माणसाला तो प्लास्टर वाटतो. तो कागद असतो. कागदाच्या थरांमध्ये लाकडाचा भुसा घालून केलेला हा वॉलपेपर, त्यावर पांढरा रंग. 1864 साली वुपरटालच्या हुगो एरफुर्टने तो काढला, आणि स्वस्त पडतो व पुन्हा पुन्हा रंगवता येतो म्हणून देशभर पसरला. तुमच्या भिंतीवर तो आहे की नाही हे कळायला स्विचबोर्डाच्या कडेला किंवा खिडकीच्या कोपऱ्यात नीट बघा. तिथे कागदाची कापलेली धार दिसते.

या कागदावर चिकटपट्टीचं दोन्हीकडून नुकसान. दाण्यांमुळे पट्टी फक्त उंचवट्यांवर टेकते, त्यामुळे जड वस्तू रात्रीतून खाली येते. आणि जिथे ती खरोखर घट्ट बसते, तिथे काढताना कागदाचा वरचा थर, भुसा, रंग सगळं सोबत घेऊन येते. 'निशाण न ठेवता निघते' असं पाकिटावर लिहिलेलं असतं ते गुळगुळीत पृष्ठभागासाठी. त्याच पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात वॉलपेपरसाठी नाही असंही बऱ्याचदा छापलेलं असतं. ते जर्मनमध्ये असतं म्हणून आपण वाचत नाही.

ओळखीतल्या एका जोडप्याने टीव्हीमागची अख्खी भिंत फोमच्या विटांनी मढवली होती. फोटोत फार छान दिसायची. घर सोडताना पहिली वीट ओढली तर तिच्यासोबत तळहाताएवढा कागद आला. मग हेअर ड्रायरने गरम करून पाहिलं, पातळ सुरी घालून पाहिली. कागद ठिकठिकाणी सोलून भिंत कोड आल्यासारखी झाली. राउफाझरचं ठिगळ लावलं तर दिसतं, दाणे जुळत नाहीत. शेवटी भिंतीचा सगळा कागद काढून नवा लावावा लागला, वर रंग. कारागिराचं बिल डिपॉझिटमधून वळतं झालं. हेच मी त्यानंतर वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या स्टिकरांच्या बाबतीत बघत आले आहे. म्हणून पुन्हा सांगते: राउफाझरवर काहीही चिकटवू नका. मुलांच्या खोलीतला जिराफसुद्धा नको. 'काढता येणारा' वॉलपेपर तर अजिबातच नको.

हे भाषण ऐकूनही माणसं स्टिकर लावतात, हेही माहीत आहे. तेव्हा निदान भिंत तपासा. कपाटामागे, जिथे दिसणार नाही तिथे, साधी सेलोटेप लावा, एक दिवस ठेवा आणि ओढून काढा. टेपवर रंग किंवा कागदाचे तंतू आले तर विषय संपला. जुन्या इमारतीत तळहात भिंतीवर घासून बघा. हाताला पांढरी पूड लागली तर त्या रंगावर कुठलाच गोंद धरणार नाही. गुळगुळीत, नीट रंगवलेली भिंत, टाइल, काच, लाकडी दार, फ्रिज, कपाटाची बाजू, इथे ओढून काढायच्या चिकटपट्ट्या खुशाल वापरा. त्यांचीही एक रीत आहे. जागा आधी स्पिरिटने पुसायची, साबणाच्या पाण्याने नाही. दाबून बसवली की वस्तू लगेच टांगायची नाही, तासभर थांबायचं. नवा रंग दिलेला असेल तर आठवडाभर तरी. काढताना पट्टीचं शेपूट भिंतीला समांतर ठेवून सावकाश खाली ओढायचं. ती च्युइंग गमसारखी लांबत जाते आणि सुटते. स्वतःकडे ओढलीत तर रंग आलाच म्हणून समजा. आणि पलंगाच्या डोक्यावर काचेची फ्रेम पट्टीच्या भरवशावर लावू नका.

मग करायचं काय? माझी सगळ्यात आवडती युक्ती कापडाची. चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात काइलरामन मिळते: लाकडी चौकट, वर कॅनव्हास ताणलेला. कॅनव्हास काढायचा नाही, तो अस्तराचं काम करतो, नाहीतर पातळ कापडातून मागचं लाकूड दिसतं. वर इरकलीचा, खणाचा, नाहीतर जुन्या सुती साडीचा तुकडा चारी बाजूंनी चार बोटं जास्त ठेवून घ्या आणि आधी इस्त्री करा. चौकट पालथी ठेवा. एका बाजूच्या मध्यावर टॅकरने, म्हणजे लाकडात पिना मारायच्या स्टेपलरने, एक पिन मारा, मग समोरच्या बाजूच्या मध्यावर, मग उरलेल्या दोन बाजूंच्या मध्यांवर. नंतर मध्याकडून कोपऱ्यांकडे, दर वेळी समोरासमोर. एका बाजूच्या सगळ्या पिना ओळीने मारल्या तर काठ तिरका जातो, आणि साडीचा काठ तिरका गेलेला दारातूनच दिसतो. कोपऱ्यात कापडाची घडी पाकिटासारखी आत घ्या. पैठणी कापायला निघाला असाल तर कोणीतरी तुमचा हात धरो. तिला कापायचं नाही, आणि खिडकीसमोर तर टांगायचंच नाही, उन्हाने रेशीम विटतं.

अशी चौकट हलकी असते. तिला एक आकडा पुरतो: लहानसा पितळी आकडा, ज्यात बारीक पोलादी खिळा तिरका जातो. मागे उरतं टाचणीपेक्षा जरासं मोठं छिद्र. राउफाझरच्या दाण्यांत तर ते शोधावं लागतं. काँक्रीटच्या भिंतीत हा खिळा वाकतो. तिथे प्लास्टिकचे आकडे घ्या, ज्यांच्या पाठीला तीन-चार आखूड सुया असतात. भिंत पोकळ वाजत असेल तर ती रिगिप्स, म्हणजे जिप्समचे बोर्ड. तिथे हलकं टांगा, जडसाठी वेगळे ड्युबेल असतात. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा: स्विच किंवा सॉकेटच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच रेषेत आडवं कुठेही खिळा किंवा ड्रिल नाही. तारा तिथूनच जातात. रविवारी ठोकाठोकी करू नका. शेजारी तोंडावर काही बोलणार नाहीत, पण घरमालकाला ईमेल जाईल.

ज्यांना एकही खिळा नको, त्यांनी चिकटवण्याऐवजी टेकवावं. मोठी फ्रेम जमिनीवर, कमी उंचीच्या कपाटावर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर भिंतीला टेकवली तर उलट जास्त ऐसपैस दिसते. खाली घसरू नये म्हणून रबराचे तुकडे, मागे वरच्या कोपऱ्यांना फेल्टचे, म्हणजे जाड मऊ कापडाचे, गोल. घरात लहान मूल असेल तर मात्र काच नको. जमीन ते छत ताणून बसणारे दांडे मिळतात, त्यांच्यामध्ये दोरी बांधून फोटो, पोस्टकार्डं, वारली चित्रं, काय हवं ते लावा. फक्त छताला टेकणाऱ्या टोकाखाली फेल्ट ठेवा, नाहीतर तिथे गोल काळा ठसा उमटतो.

गणपतीची आरास हा आपल्या लोकांचा खास घोटाळा. दीड दिवसाच्या सजावटीसाठी भिंतीवर टेपचं जंगल उभं करायचं आणि विसर्जनानंतर सोलवटलेली भिंत बघत बसायचं. बाउमार्क्टमधून, म्हणजे घरदुरुस्तीच्या सामानाच्या मोठ्या दुकानातून, छपराला वापरतात त्या लाकडी पट्ट्या आणा, दोन उभ्या, दोन आडव्या, कोपऱ्यांना नटबोल्ट. पायाला आडवे तुकडे लावले की चौकट स्वतःच्या पायावर उभी राहते. तिच्यावर पडदा, झेंडूच्या माळा, दिव्यांची तोरणं. भिंतीला काही लागत नाही, आणि नटबोल्ट सोडले की सगळं पलंगाखाली जातं. पुढच्या वर्षी कापड बदला. कपडे वाळवायच्या स्टँडवर साडी टाकून केलेली आरासही मी पाहिली आहे, आणि फोटोत कोणाला कळत नाही. समईची जागा मात्र बघून ठरवा: छतावरचा धुराचा अलार्म कायद्याने बसवलेला असतो. तो झाकायचा नाही, त्याला माळ गुंडाळायची नाही, आणि बरोबर त्याच्याखाली धूप लावलात तर आरती त्याच्या सुरात म्हणावी लागेल.

दाराच्या तोरणासाठी दारावर अडकवायचा चपटा आकडा मिळतो, तो ख्रिसमसच्या हारासाठी म्हणून विकतात. जिना आणि बाहेरची मोकळी जागा सगळ्यांची असते, तिथे मात्र काही उभं करू नका.

थंडीचा एक मुद्दा कोणी सांगत नाही आणि मला तो अतिशय महत्त्वाचा वाटतो. बाहेरच्या बाजूची भिंत, विशेषतः जुन्या इमारतीत, हिवाळ्यात गार पडते. तिच्यावर मोठी गोधडी, गालिचा किंवा जाड कापड सपाट लावलं की मागे हवा फिरत नाही, आणि घरातली वाफ तिथे जाऊन बसते. आपल्याकडे स्वयंपाक भरपूर, कपडे आतच वाळतात, आणि थंडीला घाबरून खिडक्या बंद. फेब्रुवारीत कापड काढून बघाल तर मागे काळे ठिपके. बुरशी ही जर्मन घरमालकाची सगळ्यात दुखरी नस, आणि भांडण 'तुम्ही खिडक्या उघडल्या नाहीत' यावर येऊन थांबतं. म्हणून मोठं कापड आतल्या, दोन खोल्यांमधल्या भिंतीवर लावा. बाहेरच्या भिंतीवरच हवं असेल तर दांड्याला लावून भिंतीपासून चांगलं चार-पाच बोटं सुटं ठेवा. दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळू द्या. जर्मन लोक हे धर्मकृत्यासारखं करतात आणि या एका बाबतीत ते बरोबर आहेत.

कापड स्टार्चच्या पाण्यात बुडवून भिंतीवर डकवायची कल्पना हल्ली फार फिरते. गुळगुळीत रंगाच्या भिंतीवर ती जमते, ओलं करून कापड निघतंही. राउफाझर ओला झाला की फुगतो. शिवाय लाल किंवा निळ्या कापडाचा रंग भिंतीत उतरतो.

रंगाचं थोडक्यात: राहत असताना भिंत तुम्हाला हवी तशी रंगवा. सोडताना मात्र पांढरी किंवा फिकट हवी. पांढरं मिळालेलं घर लाल-पिवळं-निळं परत केलं तर भरपाई द्यावी लागते, असा त्याच न्यायालयाचा 2013 सालचा निकाल आहे. काचेवर गडद फिल्म लावू नका, उन्हात काच असमान तापून तडकू शकते.

किल्ल्या घेताना प्रत्येक भिंतीचे फोटो काढा आणि आधीची भोकं हस्तांतराच्या कागदावर लिहून घ्या. अनोळखी माणसासमोर भोकं मोजायला आपल्याला संकोच वाटतो. तो सोडा. समोरचा मोजणारच असतो, आणि डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकतं. काही शंका असेल तर फोनवर विचारू नका, ईमेल करा. तोंडी 'काही हरकत नाही' म्हणणारा माणूस शेवटच्या दिवशी येईलच असं नाही, कधीकधी हाउसफेरवाल्टुंगचा, म्हणजे इमारतीची व्यवस्था बघणाऱ्या कंपनीचा, कोणी तिसराच कागद घेऊन येतो.

घर सोडायच्या आदल्या आठवड्यात सगळं उतरवा, आदल्या रात्री नाही. फ्रेमच्या मागचा चौकोन आजूबाजूपेक्षा पांढरा दिसतो, त्यावर रंगाचा हात फिरवायला वेळ लागतो. भोकात ट्यूबमधली श्पाख्टेलमास, म्हणजे भोकं बुजवायची लुकण, भरा, बोटाने नाही, पट्टीने सपाट करा, वाळली की हलकेच घासा. राउफाझरवर दाण्याची नक्कल करायला ओली असतानाच ब्रशच्या टोकाने थोपटा. आणि टूथपेस्टने भोकं बुजवायचा सल्ला जो कोणी देईल त्याचं ऐकू नका: ती वाळून आत बसते, काही महिन्यांत पिवळी पडते, आणि वास तर पहिल्याच दिवशी तुमची चहाडी करतो.