डावा चॅनल आणि बावीस कपॅसिटर

कपॅसिटर म्हणजे सर्किटमध्ये वीज साठवणारा छोटा भाग. तो फुटल्याचा वास एकदा नाकात बसला की जात नाही. आमच्या घरात तो दोन दिवस होता, आणि आईने तेवढ्यात तीनदा गॅसचं बटण तपासलं.

अ‍ॅम्प (स्पीकर वाजवायला सिग्नल मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर) पुण्याच्या जुन्या बाजारातला, एका रविवारी उचललेला. सत्तरच्या दशकातला, जपानी बनावटीचा, लाकडी खोक्यातला. दुखणं एकच, डावा चॅनल मधूनच गायब व्हायचा आणि व्हॉल्यूम मोठा केला की फट्कन परत यायचा. या लक्षणातच उत्तर होतं. पण मी महिनाभर व्हिडिओ पाहिले होते, आणि त्यात प्रत्येक जण जुने कपॅसिटर उपटून नवे लावत होता. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत गेलो, बावीस नग घेऊन आलो आणि एका रात्रीत सगळे जुने काढून टाकले. सगळे, एकदम. तुम्ही हे करू नका.

आता नीट सांगतो, कारण इथेच मी मेलो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या अंगावर पट्टा असतो, तो मायनसचा. बोर्डावर मात्र कुठे प्लस छापलेला असतो, कुठे अर्धा काळा केलेला गोल, आणि तो काळा भाग प्रत्येक कंपनीत एकच अर्थ सांगेल याची खात्री नाही. माझ्या बोर्डावरची छपाई एका जागी उष्णतेने उडाली होती आणि मोबाईलवर काढलेला फोटो नेमका तिथेच हललेला. मग मी डोकं चालवलं. कपॅसिटरचं एक टोक ग्राउंडला जात होतं. ग्राउंड म्हणजे मायनस, म्हणून पट्टा ग्राउंडकडे.

चूक. या अ‍ॅम्पना बहुधा दुहेरी सप्लाय असतो. माझ्यात प्लस ३५ व्होल्ट, मायनस ३५ व्होल्ट, आणि मध्ये ग्राउंड म्हणजे शून्य. मायनस ३५च्या बाजूला ग्राउंड हीच 'वरची' बाजू होते. तिथल्या कपॅसिटरचा प्लस ग्राउंडला जातो आणि पट्टा मायनसच्या रेषेकडे. शून्य हे उणे पस्तीसपेक्षा मोठं, हे शाळेत शिकलो होतो. रात्री दीड वाजता आठवलं नाही.

चालू केला. आधी काहीच नाही, मग डाव्या वूफरचा (मोठ्या स्पीकरचा) कोन बाहेर ढकलला गेला आणि तिथेच थांबला. मी बघत राहिलो. तेवढ्यात कपॅसिटर फुटला, एक बारीक रेझिस्टर काळा पडला, आणि वूफरची कॉइल जळाली ती कायमची. मायनसचा सप्लाय कोसळल्यामुळे डाव्या चॅनलच्या आउटपुटवर डीसी, म्हणजे एकाच दिशेचा स्थिर व्होल्टेज, आला होता. माझ्या अ‍ॅम्पमध्ये तो अडवणारा रिले (आपोआप तुटणारा स्विच) नव्हता, त्यामुळे सगळा थेट स्पीकरवर गेला.

शनिवार पेठेत एक रेडिओवाले काका बसतात, त्यांच्याकडे गेलो. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आवाज वाढवल्यावर चॅनल येतो म्हणजे कुठेतरी काँटॅक्ट घाण झालाय. बावीस नग कशाला बदललेस रे?" टेप मॉनिटरच्या (टेप रेकॉर्डर ऐकण्यासाठीच्या) बटणात काँटॅक्ट क्लीनरची नळी घातली आणि बटण वीसेक वेळा दाबलं. मूळ फॉल्ट तेवढाच होता. बाकी सगळं मी निर्माण केलेलं, आणि ते दुरुस्त व्हायला दीड महिना गेला.

गुरू शोधायचा तर असा, जो शेजारी उभं राहू देतो. "ठेवून जा, चार दिवसांनी ये" म्हणणारे काम चोख करतीलही, पण तुम्ही शिकणार नाही. तयार रीकॅप किट, म्हणजे सगळे कपॅसिटर बदलायचा संच, विकणाऱ्यांबद्दल माझं मत लिहिण्याजोगं नाही.

घाबरू मात्र नका. जुन्या सेटचे बरेचसे आजार मळलेल्या स्विचचे, व्हॉल्यूमच्या पॉटचे (नॉबमागच्या फिरत्या रेझिस्टरचे) आणि तडकलेल्या सोल्डरचे असतात. आधी इनपुटच्या वायरी डाव्या-उजव्या बदला. मुका चॅनल तोच राहिला तर वायर आणि प्लेअर निर्दोष. मग स्पीकर बदलून बघा. बंद अ‍ॅम्पवर प्रत्येक बटण, प्रत्येक नॉब फिरवा. एवढं झाल्यावरच झाकण काढायचं. सेट बाहेरून आलेला असेल तर मागचा व्होल्टेज सिलेक्टर पिन लावण्याआधी बघा. जपानच्या घरगुती सेटला १०० व्होल्ट लागतात.

कपॅसिटर बदलायचाच झाला तर एक काढा, एक लावा. काढण्याआधी पट्ट्याच्या बाजूला बोर्डावर मार्करने ठिपका द्या. दोन-तीन झाले की सिरीज बोर्डावर चालू करून बघा. सिरीज बोर्ड म्हणजे फेजच्या वायरीत ६० किंवा १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब. एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर लगेच बंद करा, आत शॉर्ट आहे. माझ्याकडे हा बोर्ड कपाटात होता. 'नुसते कपॅसिटर तर बदललेत' म्हणून मी तो काढलाच नाही.

बंद केल्यावरही मोठे फिल्टर कपॅसिटर भरलेले राहतात. १०० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर लावून रिकामे करा आणि मीटरने खात्री करा, स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नका. व्हॉल्व्हचे (काचेच्या नळ्यांचे) सेट सध्या सोडा. तिथे २५०-३०० व्होल्ट असतात आणि काकांच्या अंगठ्यावर त्याची खूण आहे.

स्पीकर सगळ्यात शेवटी. आधी ते काढलेलेच ठेवून आउटपुटवर मीटरने डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर जोडा, तोही आधी भंगारातला एखादा. माझा डावा आज ११ दाखवतो, उजवा २७. उजव्याचा प्रीसेट (बोर्डावरचा जुळवणीचा स्क्रू) थोडा फिरवला तर खाली येईल. हात लावत नाही.