साल्सा बँड जमवायचाय? मग गायक सगळ्यात शेवटी शोधा

मी न्यू जर्सीत राहतो आणि वीकेंडला एका हौशी साल्सा आणि लॅटिन जॅझ बँडमध्ये काँगा वाजवतो. काँगा म्हणजे आपल्याकडे ऑर्केस्ट्रात तुंबा म्हणतात ना, तेच, आणि गंमत म्हणजे टुंबा हे नाव मूळचंच आहे, काँगांमधल्या सगळ्यात खर्जातल्या मोठ्या ढोलाचं. दोन-तीन मित्रांनी विचारलं की असा बँड उभा कसा करतात, कोण कोण लागतं, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो.

आमचा पहिला प्रयत्न तीन महिन्यांत बोंबलला कारण आम्ही आधी गायक पकडला, मग ट्रम्पेटवाला, मग "बाकीचे मिळतील रे". बाकीचे म्हणजेच खरा बँड असतो हे तेव्हा डोक्यात नव्हतं.

माणूस कुठल्याही वाद्याचा असो, त्याची पहिली टेस्ट क्लावेची घ्या. क्लावे म्हणजे दोन लाकडी दांडक्या, आणि त्यावर वाजतो त्या पॅटर्नलाही क्लावेच म्हणतात. तबल्याच्या भाषेत सांगतो. तीनतालासारखे सोळा मोजा आणि १, ४, ७, ११, १३ वर टाळी द्या. हा झाला तीन-दोन सोन क्लावे. आधीचा अर्धा नंतर आणि नंतरचा आधी घेतला की दोन-तीन. फक्त हे सोळा आकडे अडीच सेकंदांत संपतात, नाचायच्या स्पीडला. समोरच्याला टाळी देत देत गप्पा मारायला लावा, टाळी हलली नाही तर माणूस घ्या. बँडमध्ये क्लावे प्रत्यक्षात कोणी वाजवेलच असं नाही पण सगळ्यांच्या डोक्यात ती एकाच जागी चालू हवी. एक जरी जण उलट्या बाजूने शिरला तर कुणाचाही सूर चुकलेला नसतो, ताल सुटलेला नसतो, तरी ऐकताना चपलेत खडा गेल्यासारखं वाटतं.

आता पहिला माणूस बासवाला. इथे तबलावाल्यांची वाट लागते, माझी लागली. आपल्याला सम म्हणजे देव, आणि साल्साचा बास समेवर वाजतच नाही बहुतेक वेळा! वरचेच सोळा धरले तर तो ४, ७, १२, १५ वर येतो, आणि ७ नि १५ वर जो सूर लावतो तो पुढच्या बारच्या (आठ आकड्यांचा एक बार) कॉर्डचा असतो, म्हणजे पाहुणे यायच्या आधीच पान वाढून मोकळा. मी काँगावर दर वेळी समेवर जोर द्यायचो, बासवाला हसायचा, शेवटी त्याने मला सांगितलं की एक महिना तू फक्त ७-८ चे ते दोन उघडे बोल नीट वाजव, धुम-धुम, बाकी सगळं हळू. काँगाचा तुंबाओ म्हणतात तो हाच, दर बारला ३ वर चापट, ७-८ वर उघडे आवाज, मधे डावा हात पंजा-बोटं पंजा-बोटं करत नुसता हलत राहतो. सहा मिनिटं हेच. बोअर होणारा माणूस काँगावर घेऊ नका, कितीही तयारीचा असला तरी.

बोंगोवाला मात्र चळवळ्या चालतो, त्याला कडव्यांत थोडी मोकळीक असते. पण त्याचं खरं काम पुढे आहे. गाणं कडव्यांतून मोंतुनोत शिरलं, म्हणजे कोरस आणि गायकाची सवाल-जवाबी सुरू झाली, की तो गुडघ्यातले बोंगो खाली ठेवतो आणि खुर्चीशेजारची मोठी बेल (काउबेल, लोलक नसलेली घंटा) उचलून तिच्या तोंडावर लाकडी दांडक्याने ठोके धरतो. नाचणारे त्या बेलवर उभे असतात. एकदा आमची बेल घरीच राहिली, हॉलमध्ये साठेक जोड्या, मोंतुनो सुरू झाला आणि फ्लोअरवरचा सगळा जोर असा पंक्चर झाल्यासारखा निघून गेला, लोक नाचत होते पण एकमेकांकडे बघत. त्या दिवशी कळलं की गायक घसा बसून आला असता तरी चाललं असतं.

टिंबालेस म्हणजे स्टँडवरचे दोन पत्र्याचे ढोल, त्यासाठी ड्रमसेटवाला घ्यायचा मोह होतो कारण ते पैशाला पासरी मिळतात. घ्या, पण त्याचा किक ड्रम घरी ठेवायला सांगा, नाहीतर उजवा पाय सवयीने समेवर आपटत राहतो आणि बासने जी जागा मुद्दाम रिकामी ठेवलीय ती बुजते. टिंबालेसवाला कडव्यांत ड्रमच्या पत्र्याच्या बाजूवर हलकं वाजवतो, मोंतुनोत त्याची स्वतःची बेल. बँडलीडर टिटो पुएन्तेने हे वाद्य बँडच्या पुढे आणून उभं केलं, त्यामुळे हल्ली प्रत्येकाला पुढेच उभं राहायचं असतं, ते नंतर बघू म्हणावं.

पियानोवाल्याला कॉर्ड येतात का विचारू नका, दोन हातांनी एकच मोंतुनो (पियानोवर परत परत फिरणाऱ्या तुकड्यालाही मोंतुनोच म्हणतात) न थकता किती वेळ वाजवतोस ते विचारा. आमचा जॅझवाला होता, दर चार बारला काहीतरी नवीन सुचायचं बिचाऱ्याला. शिवाय स्विंगची सवय, सगळं थोडं लोंबतं वाजायचं, इथे सरळ लागतं.

हवेची वाद्यं दोनच परवडत असतील तर माझं मत ट्रॉम्बोन. पियानोवाला एडी पाल्मिएरीने १९६१ मध्ये ला पेरफेक्ता हा बँड काढला तेव्हा ट्रम्पेटऐवजी ट्रॉम्बोन आणि फ्लूट ठेवली, आणि दोन ट्रॉम्बोनचा तो रांगडा आवाज छोट्या बँडलाही भरून टाकतो. ट्रम्पेट एकटं असलं की केविलवाणं वाटतं.

आणि आता गायक. आवाज गोड नसला तरी चालेल, कोरसच्या दोन ओळींच्या मधे स्वतःचं काहीतरी जागच्या जागी रचून टाकता आलं पाहिजे, स्पॅनिशमध्ये, क्लावे न सोडता. ज्यांनी भजनी मंडळात बुवांना ऐकलंय त्यांना हे लगेच कळेल, मागे टाळकरी तीच ओळ धरून बसलेत आणि बुवा मधे खेळतायत. मराकास (खुळखुळे) आणि गुइरो (खाचांवर काडी घासून वाजवायचं) यांच्यासाठी वेगळी माणसं घेऊ नका, ते कोरसवाल्यांच्याच हातात द्या, पैसे तेवढ्याच डोक्यांत वाटले जातात.

लॅटिन जॅझसाठी दुसरा बँड लागत नाही. ट्रम्पेटवाला मारिओ बाउसाने न्यू यॉर्कच्या माचितोच्या बँडमध्ये १९४३ च्या सुमारास हेच केलं, क्युबन ताल खाली तसाच ठेवला आणि वर जॅझची मांडणी आणली, मग १९४७ मध्ये जॅझ ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पीने क्युबाच्या चानो पोसोला काँगावर घेतलं आणि ते सगळीकडे पसरलं. आम्ही पण तसंच करतो, बसून ऐकणारं पब्लिक असेल त्या रात्री गायकाला सुट्टी, ट्रॉम्बोन आणि पियानोला लांब सोलो. जॅझवाल्या पियानोवाल्यालाही त्या दिवशी परत बोलावतो, खूश असतो. मी मात्र तेच वाजवतो, ३ वर चापट, ७-८ वर धुम-धुम.

प्रॅक्टिसला पहिले दोन महिने फक्त बास, काँगा, पियानो आणि बेल बोलवा, एकाच गाण्याचा मोंतुनो दहा मिनिटं लूपमध्ये, फोनवर रेकॉर्ड करून गाडीत ऐका. आणि कार्यक्रमाला निघताना बेल कोणाच्या बॅगेत आहे ते तोंडी विचारू नका, बॅग उघडून बघा.