गिअर खरखरतोय? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी एवढं बघा

साताऱ्यात माझं छोटं गॅरेज आहे. गिअर टाकताना कर्रर्र आवाज आला की माणूस धास्तावून येतो आणि आल्या आल्या स्वतःच सांगतो, "गिअरबॉक्स गेला." मी त्याला आधी बसवतो, पाणी देतो. गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे दिवस मोडतो आणि खर्चही मोठा येतो. कितीतरी वेळा दोष क्लचमध्येच निघतो, आणि तो तुम्हाला दारातच ओळखता येतो.

गाडी सपाट जागेवर लावा, हँडब्रेक ओढा. इंजिन बंद ठेवून क्लच दाबा आणि सगळे गिअर एकेक करून टाकून बघा. मग इंजिन चालू करा, क्लच तळापर्यंत दाबा, मनात पाच आकडे मोजा आणि रिव्हर्स टाका. रिव्हर्सच अशासाठी, की पुढच्या गिअरना सिंक्रो असतो. ही बहुतेकदा पितळी रिंग असते. फिरत्या भागांचा वेग ती सारखा करते, मगच दाते एकमेकांत बसतात. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, म्हणून क्लच अर्धवट सुटत असेल, म्हणजे पेडल दाबूनही गिअरबॉक्स इंजिनपासून पूर्ण वेगळा होत नसेल, तर सगळ्यात आधी तोच ओरडतो. पाच आकडे मोजूनही खरखरला, आणि इंजिन बंद असताना मात्र सगळे गिअर अलगद पडत होते, तर संशय क्लचवर घ्या. क्लच दाबताच क्षणात रिव्हर्स टाकल्यावर कर्रर्र झालं तर तो दोष धरू नका, दोन-तीन सेकंद थांबायची सवय लावा.

आता वाकून पेडलखाली बघा. मेढ्याच्या एक शिक्षिका दोन महिने खरखर सहन करत होत्या. एका गॅरेजने त्यांना गिअरबॉक्स खोलायला सांगितलं होतं. मी बघितलं तर कंपनीच्या मॅटवर त्यांनी जाड मॅट टाकली होती, आणि पेडल तळाला पोचतच नव्हतं. मॅट काढली, आवाज गेला. त्या दिवसापासून माझी तपासणी मॅटपासून सुरू होते.

मॅट ठीक असेल तर केबल. पेडलला सुरुवातीची ढिलाई मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापापेक्षा जास्त असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही. केबलच्या टोकाचा नट फिरवून ती कमी करता येते, पण फार ताणू नका, नाहीतर क्लच घसरायला लागेल. क्लच हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी नळीतल्या तेलाच्या दाबावर चालणारा असेल तर पेडल तीन-चार वेळा भराभर दाबून गिअर टाका. आता बिनआवाज पडला तर लाइनमध्ये हवा आहे किंवा सिलेंडर गळतोय. हे सगळं नीट असेल तरच क्लच प्लेट, प्रेशर प्लेटकडे वळा.

सगळे गिअर नीट आणि एकच खरखरतो, तर मात्र गोष्ट वेगळी. बहुधा तो दुसरा असतो, कारण चढावर आणि गर्दीत सगळ्यात जास्त वापर त्याचाच. मी अशी गाडी यवतेश्वरच्या घाटात नेतो. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना आधी नेहमीसारखा गिअर टाकतो. पुढच्या वेळी क्लच दाबून न्यूट्रल करतो, क्लच सोडतो, हलका रेस देतो, परत क्लच दाबून दुसरा टाकतो. पहिल्या पद्धतीने खरखर आणि दुसरीने शांत, तर त्या गिअरचा सिंक्रो झिजलाय.

तरी आधी गिअर ऑइल काढून बघा. पांढऱ्या ट्रेमध्ये घेऊन उन्हात धरा. सोनेरी चमक दिसली तर ते पितळ, म्हणजे सिंक्रोचा चुरा. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावर करडा लगदा असणं नेहमीचंच, पण लोखंडाचे कपचे निघाले तर दाते तुटलेत, गाडी पुढे चालवू नका. नवीन ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच घ्या. जीएल-४ लिहिलं असेल तिथे "जीएल-५ भारी असतं" असं कुणी म्हणालं तरी घालू नका. त्यातल्या काही रसायनांनी पितळ खराब होऊ शकतं, आणि ते फार निसरडं असलं तर सिंक्रोला पकडही मिळत नाही.

ऑइल बदलूनही दुसरा खरखरतच राहिला, तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल. तोवर दुसरा टाकताना हात जड करू नका; घाटात केलं तसं दोनदा क्लच दाबूनच टाका. गॅरेजमध्ये गेलात की कोणता गिअर, गार इंजिनवर की तापल्यावर, वर चढताना की खाली येताना, हे सगळं मिस्त्रीला सांगा.