बंद पडलेला चेनसॉ असा सुरू करा

सोसायटीच्या जिन्याखाली वर्षभर पडलेला पेट्रोल चेनसॉ दोरी कितीही ओढली तरी सुरू होत नाही. बहुतेक वेळा इंजिन ठीक असतं. जुनं पेट्रोल चिकट होऊन कार्बोरेटरमध्ये बसलेलं असतं.

१. हातमोजे घाला, स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवा. साखळीला हात त्यानंतरच.

२. टाकी पूर्ण रिकामी करा. आतला फिल्टर आणि नळी बदला. मुंबईच्या दमट हवेत पडून राहिलेली नळी वाकवली की बारीक भेगा दिसतात. नवी घ्यायला नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात जाताना जुनी नळी नमुना म्हणून सोबत न्या.

३. कार्बोरेटर क्लीनर मारा, एअर फिल्टर धुऊन वाळवा. प्लग काळा असेल तर नवाच घाला.

४. बारच्या, म्हणजे साखळी जिच्याभोवती फिरते त्या पट्टीच्या, खाचेतला तेलकट भुसा काढा, साखळीला योग्य मापाच्या गोल कानशीने धार लावा.

५. ताजं पेट्रोल, त्यात टू-स्ट्रोक ऑइल. कंपनीने ५०:१ सांगितलं असेल तर लिटरला २० मिली. साखळीचं तेल वेगळ्या टाकीत. मग प्लगची टोपी परत बसवा आणि दोरी ओढा.

सुरू झाल्यावर बारचं टोक कोऱ्या पुठ्ठ्यासमोर, न टेकवता धरा. तेलाची रेघ उमटली नाही, तर साखळीला तेल पोहोचत नाही; फांदीला लावू नका. आणि झाड छाटण्याआधी महापालिकेची परवानगी घ्याच.