पाच महिने मोजायचे कुठून? माझा अनुभव

आम्ही न्यू जर्सीत राहतो. ह्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, तेव्हा सोशल सिक्युरिटीकडे (अमेरिकी सरकारचं सामाजिक सुरक्षा खातं) अपंगत्वाच्या लाभासाठी मीच अर्ज भरला. हा आजार ‘कम्पॅशनेट अलाउन्स’च्या, म्हणजे झटपट मंजुरी मिळणाऱ्या गंभीर आजारांच्या यादीत आहे, म्हणून मंजुरी लवकर आली. पण पैसे लवकर येत नाहीत! अपंगत्व सुरू झाल्यापासून पाच पूर्ण महिने कोरडेच जातात. आजार म्हणून सूट आहे ती एकट्या एएलएस या मज्जातंतूंच्या आजाराला, २०२० च्या कायद्याने.

एका रात्री मंजुरीचं पत्र पुन्हा वाचताना माझं बोट अपंगत्व सुरू झाल्याच्या तारखेवर थांबलं. १२ मे, म्हणजे निदानाचा दिवस. ह्यांचं काम तर २८ जानेवारीलाच सुटलं होतं. शेवटची पगारपावती आणि डॉक्टरांची जानेवारीतली नोंद (वजन घटलंय, पोटात सतत दुखतंय) जोडून ६० दिवसांच्या आत फेरविचाराचा अर्ज दिला. तारीख बदलली. नोव्हेंबरऐवजी जुलैपासूनचे पैसे मिळाले. चार महिन्यांचं घरभाडं होतं ते.

तोवर राज्याच्या तात्पुरत्या अपंगत्व विम्यावर भागवलं, तो २६ आठवड्यांपर्यंत मिळतो. मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याला मात्र अपंगत्व लाभाचा हक्क सुरू झाल्यावर २४ महिने थांबायचं. कॅन्सरच्या माणसाला दोन वर्षं थांबवणं हा अन्यायच आहे. ह्यांचं नाव माझ्या नोकरीच्या विम्यात घालून घेतलं.